वर्गात असताना भूकंप झाला तर पोरांनी बाकाखाली लपायचं की मैदानात पळायचं?

कयाधू_काठ
हिंगोली-नांदेड-परभणीवाल्यांना प्रस्तावना नको. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा धक्का, पाठोपाठ ३.६ चा. परत १० जुलैला सव्वासातला ४.५. पांगरा शिंदेकडे जमिनीतून आवाज तर त्याआधी कित्येक वर्षांपासून येतात. दोन्ही वेळा शाळा भरायची होती म्हणून निभावलं.

आता शाळा व्यवस्थापन समितीत सराव घ्यायचं ठरलंय. पहिली ते सातवी, पट १६८. दोन खोल्या निजामकालीन: मातीत बांधलेल्या दोन फुटी दगडी भिंती, वर लोखंडी कैच्या (छताचे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रे. चार खोल्या स्लॅबच्या, एकमजली. पहिली-दुसरी बसकरपट्टीवर, बाकीच्यांना बाक. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो हललं की मैदानात, दुसरा म्हणतो बाकाखाली. जाणकारांनी सांगावं. "देवावर सोडा" हे उत्तर मीटिंगमध्ये येऊन गेलंय.

नुसताच_वाचक
पळा. चर्चा मैदानात करू.

ओळंबा
वरच्या प्रतिसादाचा हिशोब मांडू. वर्गात ४० मुलं, दार एक, तीन फुटी. कोणी अडखळलं नाही तर सेकंदाला एक मूल बाहेर पडतं. म्हणजे ४० सेकंद. साडेचारचा धक्का तोवर संपून मुलं हसायला लागलेली असतात. आणि सहाच्या वरचा, जवळून आलेला असेल तर जोराचं हलणं दहा-वीस सेकंदच, पण त्यात उभंच राहता येत नाही, पळणं दूर. दाराशी पहिला पडला की त्याच्यावर बाकीचे.

आधी सूचना मिळेल म्हणाल तर पहिली लाट (खडखडाट, आवाज) आणि दुसरी, खरी हलवणारी लाट यांत अंतराच्या दर आठ किलोमीटरला साधारण एक सेकंद मिळतो. केंद्र ४० किमीवर असेल तर पाच सेकंद. गावाखालीच असेल तर काहीच नाही. पाच सेकंदांत दाराजवळची चार मुलं निघतील, मागच्या कोपऱ्यातली नाही.

म्हणून स्लॅबच्या खोल्यांत: खाली वाका, बाकाखाली शिरा, बाकाचा पाय धरून ठेवा. हा तिसरा भाग लोक विसरतात. बाक सरकतो आणि मूल उघडं पडतं.

तेरणाकाठ
ओळंबा साहेब, स्लॅबचं ठीक आहे, पण हाच सल्ला निजामकालीन खोलीला लावू नका. किल्लारीत काय झालं ते आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. भूकंप ६.२ चा, म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यम. माणसं सुमारे आठ हजार गेली. मारलं ते दगड-मातीच्या भिंतींनी आणि धाब्यांनी, म्हणजे मातीच्या सपाट छतांनी.

धाब्याचं वजन करून बघा. दीड फूट माती, म्हणजे ४५ सेंटिमीटर. घनमीटरला १६०० किलो धरले तर चौरस मीटरला ७२० किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेसहा टनांपेक्षा जास्त. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर पांढरी माती चढवायची आणि खालची तशीच राहू द्यायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

गंमत अशी की सागवानी खांब-तुळयांचे खण बऱ्याच ठिकाणी उभे राहिले. छत खांबांवर होतं आणि भिंती नुसत्या भोवती रचलेल्या. त्या ढासळल्या त्या आत झोपलेल्यांच्या अंगावर. दोन फुटी भिंत दिसायला एक असते, आतून दोन असतात: बाहेरचा दर्शनी थर, आतला थर आणि मध्ये चिपा-मातीची भर. दोन थरांना बांधणारा आरपार दगड नसेल तर हलल्यावर भिंतीला पोट सुटतं आणि ती दोन्हीकडे फाकते. अशा खोलीत लाकडी बाक काय करणार?

ओळंबा
मान्य. म्हणून तर "स्लॅबच्या खोल्यांत" असं लिहिलं. दगड-मातीच्या, तळमजल्याच्या खोलीत, दार उघडं आणि समोर मोकळं मैदान असेल, तर दाराजवळच्यांनी बाहेर पडावं हाच सल्ला योग्य. पण मागच्या कोपऱ्यातल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्या खोल्यांत वर्गच भरवू नये.

शंकासूर
"४.५ रिश्टर स्केल" असं इथे कोणी लिहिलं नाही हे पाहून डोळे पाणावले. रिश्टर ही काही फूटपट्टी नाही. आकडा एकने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ४.५ आणि ६.५ मध्ये हजार पट. हिंगोलीचा धक्का सोसला म्हणून इमारत पक्की, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवा.

नुसताच_वाचक
शंकासूर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

कच्छी_मराठी
"मैदानात पळा" वाल्यांसाठी कच्छमधल्या अंजारचं उदाहरण. २६ जानेवारी २००१, सकाळी ८:४६. प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक जुन्या गावातल्या अरुंद गल्लीतून चालली होती. मुलं बाहेरच होती, उघड्यावर! दोन्ही बाजूंची घरं गल्लीत कोसळली. १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक गेले. तिथे आता त्यांचं स्मारक आहे.

थोडक्यात, बाहेर म्हणजे आभाळाखाली नव्हे. ज्याच्या अंगावर पडायला आजूबाजूला काही नाही, ते बाहेर. गल्लीची रुंदी शेजारच्या घरांच्या उंचीपेक्षा कमी असेल तर ती गल्ली खोलीपेक्षा वाईट. सुट्टी असल्यामुळे कच्छभर वर्ग रिकामे होते, नाहीतर आकडा कुठे गेला असता याचा विचार करवत नाही.

कोयना_बॅकवॉटर
वेळेचा मुद्दा निघालाच आहे तर. कोयना, ११ डिसेंबर १९६७: पहाटे सव्वाचारच्या पुढे. किल्लारी: पहाटे चारला चार मिनिटं कमी. नेपाळ, २५ एप्रिल २०१५: दुपारी बाराच्या आत, पण शनिवार, आणि तिकडे शनिवारी शाळेला सुट्टी. हजारो शाळांच्या इमारती पडल्या किंवा मोडल्या, वर्गात कोणी नव्हतं.

आता दुसरी बाजू. काश्मीर, ८ ऑक्टोबर २००५, सकाळी ८:५०, पहिला-दुसरा तास. पाकिस्तानच्या बाजूला सतरा हजारांवर मुलं शाळांतच गेली. सिचुआन, १२ मे २००८, दुपारी २:२८. चीन सरकारच्या आकड्यानुसार पाच हजारांवर विद्यार्थी.

महाराष्ट्रातले दोन्ही मोठे भूकंप पहाटेचे. त्यामुळे भूकंप म्हटलं की आपल्याला घर आठवतं, शाळा आठवत नाही. शाळेच्या इमारतींची परीक्षा आपल्याकडे पट हजर असताना झालेलीच नाही.

सातारी_कंदी
सिचुआनच्या बऱ्याच शाळा काँक्रीटच्याच होत्या. मग तिथे बाकाखाली बसून काय झालं असतं?

ओळंबा
काही नाही. स्लॅब सपाट बसला तर बाक वाचवत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. बाक कशापासून वाचवतो? पंखा, ट्यूबलाइट, गिलाव्याचे पोपडे, खिडकीची काच, कपाट आणि धावताना पडणं. बहुतेक भूकंपांत बहुतेक इमारती उभ्या राहतात आणि दुखापती ह्याच गोष्टींनी होतात. इमारत कोसळण्याचा इलाज इमारतीतच. कॅलिफोर्नियात लाँग बीचला १० मार्च १९३३ ला संध्याकाळी सहाच्या आत भूकंप झाला, शाळा सुटलेल्या होत्या. ७० शाळा जमीनदोस्त. महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी वेगळा कायदा आला, फील्ड ॲक्ट. आराखडा तपासणी आणि बांधकाम चालू असताना जागेवर निरीक्षक, दोन्ही सक्तीचं.

खडू_फळा
एक व्यावहारिक मुद्दा, जो कुठल्याच पुस्तिकेत दिसत नाही. चपला. जि.प. शाळेत पोरं चपला वर्गाबाहेर काढतात आणि ढीग नेमका उंबऱ्यावर असतो. सरावात पहिला अडथळा हाच. चाळीस मुलं निघतात आणि पहिली पाच आपापली चप्पल शोधायला वाकतात. व्हरांड्याच्या एकाच बाजूला, दारापासून चार पावलं सोडून, भिंतीलगत खडूने रेघ मारून द्या. चपला रेघेच्या आत. मोठा धक्का असेल तर व्हरांड्यात काचा असणार, तेव्हा खिडकीखाली ही रांग नको.

बसकरपट्टीवाल्यांसाठी: लपायला काही नाही, तर आतल्या भिंतीकडे, खिडकी-कपाटापासून लांब. गुडघ्यांवर, कपाळ जमिनीकडे, दप्तर डोक्यावर आणि मानेवर, दोन्ही हातांनी धरलेलं. दप्तरात पुस्तकं असतात, चांगलं काम करतं. पण सरावात ही मुलं दप्तर शोधायला वर्गभर फिरतात. म्हणून दप्तर भिंतीशी नाही, मांडीशेजारी ठेवायची सवय लावा.

तोक्यो_लोकल
जपानमध्ये हेच काम गादीची टोपी करते. खुर्चीवर बसायची उशीच, उलगडली की डोक्यावर घालायचं जाड कुंचडं. दप्तर-कल्पना त्याच जातीची.

तिथल्या मुलांना एक शब्द पाठ असतो: ओ-हा-शि-मो. ओसानाइ (ढकलू नको), हाशिरानाइ (पळू नको), शाबेरानाइ (बोलू नको), मोदोरानाइ (मागे फिरू नको). शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा. डबा, कंपास, धाकटी बहीण, कशासाठीही परत आत नाही.

१ सप्टेंबर हा तिथे आपत्तीनिवारण दिन, कारण १९२३ चा कांतो भूकंप त्याच तारखेचा, सकाळी ११:५८ चा. चुली पेटलेली वेळ. भूकंपापेक्षा आगीने जास्त नेले.

नुसताच_वाचक
मराठी आवृत्ती: ढकलू नको, पळू नको, बोलू नको, मागे फिरू नको. ढ-प-बो-मा. मंत्र म्हणून वाईट नाही.

खडू_फळा
हसू नका, परिपाठात घ्यायला उत्तम आहे. पोरांना असलेच शब्द लक्षात राहतात.

शंकासूर
"पळू नको" आणि "दगडी खोलीतून पळ" एकाच शाळेत कसं शिकवणार?

तेरणाकाठ
शंकासुरांनी पहिल्यांदाच कामाचं विचारलं. शाळेसाठी नियम नाही, खोलीसाठी नियम. प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चित्र: बाकाखाली वाकलेलं मूल किंवा दाराकडे बाण. वर्ग बदलला, तिसरीतून चौथीत गेले की जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात नवीन खोलीचा नियम.

स्वयंपाकघर_क्र_२
पोषण आहाराचं शेड विसरलात सगळे. साडेअकरा-बाराला तिथे शंभर-दीडशे पोरांच्या खिचडीचं पातेलं आणि शेगडी जमिनीपासून फूटभर उंच. भूकंपात ते पातेलं उलटतं. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला हवा, सिलिंडरच्या दोन-तृतीयांश उंचीवर. नळी दरवर्षी वाकवून बघायची, चिरा दिसल्या की बदलायची. हलायला लागलं की ताईंनी पातेल्यापासून दोन पावलं मागे व्हायचं आणि खाली बसायचं. रेग्युलेटर हलणं थांबल्यावर बंद करायचा, हलत असताना नाही. आणि पोरांच्या जेवणाच्या रांगा शेडच्या दारातून नकोत.

लॅब_असिस्टंट
सातवीपर्यंतच असल्यामुळे प्रयोगशाळा छोटी असेल, पण माध्यमिकवाले वाचत असतील म्हणून. आम्ल सगळ्यांत खालच्या फळीवर, ट्रेमध्ये. फळीला पुढे दोन इंचाची पट्टी. रॉकेलमधलं सोडियम आणि पाण्याच्या बाटल्या एका कपाटात नकोत.

ओळंबा
कपाटांचं सांगतो, कारण इथे लोक चुकतात. स्टीलच्या कपाटाला वरच्या दोन कोपऱ्यांत एल-अँगल आणि भिंतीत १० मिमीचे अँकर बोल्ट. बोल्ट विटेत किंवा काँक्रीटमध्ये तीन इंच गेला पाहिजे. गिलाव्यात रुतलेला बोल्ट पहिल्या हिसक्याला बाहेर. दगड-मातीच्या भिंतीत अँकर पकडतच नाही. तिथे सळई आरपार काढून पलीकडे पट्टी-नट लावावी किंवा सरळ कपाट हलवावं.

कपाटावरचं ओझं मात्र आधी उतरवा. २०११ पासूनच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथे कशाला?

नुसताच_वाचक
ते रद्दीत काढायला शासन निर्णय लागतो. भूकंप लवकर येईल.

सातारी_कंदी
महापुरुषांच्या तसबिरी? प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर दहा-बारा, काचेच्या, एका खिळ्यावर आणि खाली बाई बसलेल्या.

ओळंबा
बरोबर निशाण्यावर. खिळ्याऐवजी बंद डोळ्याचा स्क्रू-हुक, दोरीऐवजी तार, दोन ठिकाणी टांगणी. काच काढून ॲक्रिलिकची शीट बसवली तर खर्च किरकोळ. जागा बदलायची असेल तर बाजूच्या भिंतीवर, जिथे खाली कोणी बसत नाही. दाराच्या वर तर अजिबात नको.

तेरणाकाठ
आता निजामकालीन खोल्यांकडे येतो. पाडायला परवानगी आणि नवीन मंजूर व्हायला वेळ लागतो, तोवर हे करता येतं. लातूर-धाराशिवमध्ये १९९३ नंतर याच पद्धतीने असंख्य घरं बांधून घेतली, आयएस १३९३५ या भारतीय मानकातही दिली आहे.

भिंतीत साधारण मीटरभर अंतराने, आडवं-उभं, एकाआड एक खुणा करा. खुणेजवळच्या दगडाभोवतीची माती खरवडून दगड हळूच पहारीने सैल करून काढा. घण मारायचा नाही, एक दगड काढायला जाऊन सगळी भिंत खिळखिळी होते. आरपार तीन इंची बोगदा, दोन्ही तोंडांशी जरा रुंद, म्हणजे डमरूसारखा. अर्धा काँक्रीटने भरा, मध्ये ८ मिमीची सळई, दोन्ही टोकांना आकडा वाकवलेली. वरून उरलेलं भरा. दहा दिवस पाणी. झाली कृत्रिम आरपार शिळा. ही न करता नुसता बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर भिंत सुंदर दिसते आणि तशीच फाकते.

दुसरं, दारा-खिडक्यांच्या वर, चौफेर, आतून-बाहेरून पट्टा. वेल्डेड जाळी, दोन्ही बाजूंच्या जाळ्या भिंतीतून काढलेल्या तारांनी एकमेकींना बांधलेल्या, वर १:३ सिमेंट-वाळू. कोपऱ्यात जाळी तोडायची नाही, वळवून पुढे न्यायची. किती मिस्त्री कोपऱ्यावर सांधा देतात आणि पट्ट्याचा उपयोगच घालवतात! चार भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून तो पट्टा, आणि भिंती सुटतात त्या कोपऱ्यातच.

कैच्या भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतील तर त्या बोल्टने पट्ट्याला जखडा.

ओळंबा
तेरणाकाठ, अप्रतिम. एकच भर. कोणी "पत्रे काढून स्लॅबच टाकू" म्हणेल, त्याला थांबवा. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. वीस बाय पंचवीसच्या खोलीवर चौदा टन, मातीत बांधलेल्या भिंतीवर. इटलीत सान जुलियानोला ३१ ऑक्टोबर २००२ रोजी भूकंप झाला. तिथल्या जुन्या दगडी शाळेवर काँक्रीटचं ओझं चढवलेलं होतं. ती एक इमारत बसली आणि २७ मुलं आणि एक बाई गेल्या. गावातली बाकीची घरं बहुतेक उभी होती.

नवीन खोली बांधायची तर विटेच्या भिंतीत जोत्याला, लिंटेलला (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईला) आणि छताखाली सलग पट्टा. दोन सळयांचा असेल तर ७५ मिमी जाड, चार सळयांचा असेल तर १५० मिमी, ६ मिमीच्या कड्या १५० मिमीवर. हे आयएस ४३२६ मधलं. लिंटेल दारापुरतं तोडलं की पट्टा नाही, नुसतं लिंटेल.

शंकासूर
किल्लारीला आधी कमी धोक्याचा पट्टा म्हणून दाखवलं होतं ना?

कोयना_बॅकवॉटर
हो. १९९३ पर्यंत नकाशात तो भाग सगळ्यांत खालच्या, एक नंबरच्या पट्ट्यात. २००२ च्या आवृत्तीत एक नंबरच काढून टाकला आणि तो भाग तिसऱ्यात नेला. आणि १९९२ च्या ऑक्टोबरपासून किल्लारीत लहान धक्के बसतच होते, हेही लक्षात ठेवा. लहान धक्के म्हणजे "जोर निघून गेला" ही समजूत तिथे खोटी ठरली. उलट पालघरला डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून शेकडो धक्के झाले, चारच्या आसपासच राहिले. लहान धक्क्यांवरून पुढचं सांगता येत नाही, दोन्ही बाजूंनी नाही.

अंगणवाडी_ताई
तीन ते सहा वयाच्यांना वाका-लपा जमत नाही. हलणं थांबल्यावर बाहेर काढायला लांब दोरी, दर दोन फुटांवर गाठ, एका मुलाला एक गाठ. खेळ म्हणून रोज मैदानाला एक चक्कर मारली की सराव झाला. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. मागचं माणूस नसेल तर शेवटची दोन पोरं दोरी सोडून फुलपाखराच्या मागे जातात.

खडू_फळा
सरावाचा क्रम असा ठेवा. पहिल्या वेळी आधी सांगून, घंटा न वाजवता. भूकंपात घंटा वाजवायला कोणी उरत नाही, हलणं हीच घंटा. बाईंनी "भूकंप!" म्हणायचं आणि स्वतः टेबलाखाली जायचं. गुरुजी उभे राहून सूचना देत असतील तर मुलंही उभीच राहतात. मग सगळ्यांनी मोठ्याने एक ते साठ मोजायचं. मोजण्याने रडारड थांबते आणि पळापळ थांबते. साठ झाले की बाहेर. दारातला मुलगा आधी वर बघतो, कौल-पत्रा लोंबतोय का, मग पाऊल टाकतो.

हजेरीपट बाईंच्या हातात. मैदानात वर्गवार ओळी, मोजणी, आकडा मुख्याध्यापकांना. गैरहजर आणि "हरवलेला" यातला फरक फक्त त्या दिवशीच्या हजेरीने कळतो, म्हणून सकाळची हजेरी अकरा वाजता भरायची सवय सोडा.

नंतरचा खरा गोंधळ पालकांचा. गावभर लोक धावत येतात, फाटकातून घुसतात, आपलं पोर उचलून नेतात, आणि संध्याकाळी कळतं की चुलत्याने नेलेल्या मुलाला आई ढिगाऱ्यात शोधतेय. फाटकाशी एक टेबल, एक वही: मुलाचं नाव, कोण घेऊन गेलं, नातं, सही किंवा अंगठा. न्यायला कोण कोण येऊ शकतं याची यादी जूनमध्येच करून ठेवा. फोन लागणार नाहीत.

तोक्यो_लोकल
जपानी शाळांत मूल सुपूर्द करण्याचा वेगळा सरावच होतो, पालकांसकट. अनुमोदन.

कच्छी_मराठी
व्हीलचेअरवरच्या मुलाला खाली उतरवू नका. ब्रेक लावायचे, पुढे वाकायचं, हात डोक्यावर. बाहेर नेताना दोघं, आणि ते दोघं कोण हे आधी ठरलेलं.

सातारी_कंदी
"दाराच्या चौकटीत उभं राहा" आणि "कपाटाच्या शेजारच्या त्रिकोणात बसा" हे व्हॉट्सॲपवर फिरतं ते?

ओळंबा
दोन्ही सोडा. दार आपटतं, बोटं जातात, आणि चौकटीत एकच मूल मावतं. कपाटाशेजारी त्रिकोण तयार होण्याआधी कपाट अंगावर येतं.

तेरणाकाठ
अवांतर. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. धक्क्यानंतर मुलांचं काय होतं यावर तिथे बरंच काम झालं. लहान मुलं "भूकंप-भूकंप" खेळतात, डब्यांची घरं रचून पाडतात. शिक्षकांनी त्यांना दटावू नये, ती त्यांची सांगायची पद्धत असते. महिना उलटूनही झोप, जेवण, बोलणं पूर्ववत झालं नाही तर मात्र जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे न्यावं.

कयाधू_काठ
सर्वांचे आभार. कालच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला (ढपबोमा वगळता. नंतर तेही वाचलं). दोन्ही तटांचं बरोबर होतं, खोल्या वेगळ्या होत्या. ठरलं ते असं: निजामकालीन खोल्यांत आता वर्ग नाही, क्रीडा साहित्य आणि रद्दी. ते दोन वर्ग स्लॅबच्या एकाच खोलीत, दोन सत्रांत. स्लॅबच्या चारही खोल्यांना "वाका-लपा-धरा", पहिली-दुसरीला दप्तर. तसबिरी या शनिवारी बाजूच्या भिंतीवर. खिचडीचा सिलिंडर बांधला.

एकच अडलं. मैदानात गोळा व्हायची जागा सगळ्यांनी सुचवली ती आवारभिंतीलगतची, लिंबाच्या सावलीची. भिंत सहा फुटी, विटेची, अर्ध्या विटेची जाडी, मध्ये खांब नाहीत. दुसरीकडे सावली नाही. मेमध्ये काय करायचं?

ओळंबा
उंचीच्या दीडपट अंतर सोडा, म्हणजे नऊ फूट. लिंब भिंतीपासून किती लांब आहे?

कयाधू_काठ
मोजलं. बुंधा सात फुटांवर.

ओळंबा
मग बुंध्याच्या मैदानाकडच्या बाजूला, भिंतीपासून दहा फुटांवर चुन्याची फक्की मारा. ओळी तिथून पुढे. भिंत पश्चिमेला असेल तर सकाळच्या उन्हात सावली भिंतीकडे पडेल, दुपारनंतर मैदानाकडे. आणि भिंत तीन फुटांवर कापून वर जाळी लावायला किती येतं ते मिस्त्रीला विचारा, विटा विकल्या तर बराच खर्च सुटेल.

नुसताच_वाचक
विटांचा शासन निर्णय बघा आधी.